बाथरूमच्या डब्यातली काळी पिशवी

एका माणसाच्या बाथरूममधला कचऱ्याचा डबा भरायला किती दिवस लागतात, हे साठी उलटेपर्यंत मला माहीत नव्हतं. पंधरा दिवस लागतात, तेही ओढूनताणून. संपलेली टूथपेस्ट, दाढीचं ब्लेड, साबणाच्या वडीवरचा कागद, कानातला कापूस आणि कंगव्यातले चार पांढरे केस. एवढ्याशा ऐवजासाठी आमच्या घरात कितीतरी वर्षं भांडण चाललं होतं, की डब्यात पिशवी घालायची की नाही. आता भांडायला समोर कोणी नाही, आणि डबा काही भरत नाही.

बायको जाऊन दोन वर्षं होतील. मी यवतमाळात एकटा राहतो. एकुलती एक मुलगी पुण्याला नोकरी करते, जावई आणि नात तिकडेच. सकाळी घंटागाडीचं गाणं गल्लीच्या तोंडाशी ऐकू आलं की सगळ्यांची फाटकं वाजायला लागतात. गाडीवरची बाई माझ्या फाटकापाशी थांबून विचारते, "काका, आज बी काहीच नाही काय?" मी ओशाळून मान हलवतो. कचरा नसल्याची लाज वाटते, हे कोणाला सांगितलं तर त्याला मी चळलो असं वाटेल. पण वाटते. शेजारच्या घरातून दोन डबे निघतात, एखादं पोर अर्धवट कपड्यांत पळत निघतं, त्याच्यामागे त्याची आजी ओरडत निघते. माझ्या घरातून मी एकटा बाहेर येतो आणि गाडीवाल्या बाईला नाही म्हणून परत आत जातो.

डब्याची गोष्ट मात्र आधीपासून सांगायला हवी.

माझ्या आईच्या काळी न्हाणीघरात डबा नावाची वस्तूच नव्हती. महिन्याचे चार दिवस आई बाजूला बसायची आणि देवाची पूजा वडील करायचे. तिचे त्या दिवसांतले कपडे कुठे धुतले जातात, कुठे वाळतात, हे आम्हा भावांना कधी दिसलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. आमच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या कचेरीची नोकरी. विचारायच्या गोष्टी आणि न विचारायच्या गोष्टी यांच्या दोन वेगळ्या फायली होत्या, आणि कुठला कागद कुठे लावायचा हे पोराला चालायला लागल्यापासून कळायचं.

मीही कारकूनच झालो. बहुतेक नोकरी आवक-जावक विभागात गेली. टपाल घ्यायचं, वहीत नोंद करायची, पुढे पाठवायचं. या विभागाचा एकच धर्म, बंद लिफाफा आपण उघडायचा नाही. आत कोणाची बदली आहे, कोणाची चौकशी आहे, आपल्याला काय करायचंय. माझ्या टेबलावरून गेलेला एकही लिफाफा फुटलेला निघाला नाही, याचा मला फार अभिमान होता. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात तेवढंच एक सांगितलं, कारण माझ्याबद्दल सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

लग्न झालं तेव्हा मी वणीला होतो. बायको घाटंजीकडची. वणीत कोळशाची भुकटी इतकी, की सकाळी पुसलेल्या खिडकीवर दुपारी बोटानं नाव लिहावं. आमच्या क्वार्टरच्या मागे थोडी मोकळी जागा होती. तिथे ती पऱ्हाट्या रचून ठेवायची. पऱ्हाट्या म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेली वाळकी झाडं, आमच्याकडे चुलीपासून कुंपणापर्यंत सगळीकडे चालतात. महिन्यातून काही दिवस ती मागच्या दारी लहानसा जाळ करायची आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी त्यात टाकायची. सुटीच्या दिवशी मी घरी असलो तर पुढच्या खोलीत पेपर तोंडासमोर धरून बसायचो. धूर आत यायचा, मला खोकला यायचा, पण मी उठून मागे जायचो नाही. जाऊ नको असं तिनं कधी म्हटलं नाही. मला जावंसं वाटलं नाही, एवढंच.

तिची अडचण मला कळायची ती एकाच वाक्यावरून. सकाळी चहा देताना ती म्हणायची, "आज पूजा तुम्ही करा." तिला आईसारखं बाजूला बसायला मी लावलं नाही. ती स्वयंपाक करायची, घरभर फिरायची, फक्त देव्हाऱ्याजवळ जायची नाही. तो तिचाच नेम होता. मी म्हणायचो, राहू दे ना हे सगळं. ती म्हणायची, "तुमचं राहू द्या, माझं मले पाहू द्या." मग मी ओलेत्यानं देवांना आंघोळ घालायचो, चुकीच्या देवाला तुळस वाहायचो, आणि ती दाराबाहेरून हसत हसत सूचना द्यायची. पाच दिवसांनी ताम्हण परत तिच्या हातात जायचं. याविषयी आम्ही दोघं आयुष्यात एवढंच बोललो असू.

पुढे यवतमाळला बदली झाली आणि आम्ही हे घर बांधलं. मागे मोकळी जागा राहिली नाही. शेजाऱ्याची भिंत इतकी जवळ, की त्याच्या घरातली फोडणी आमच्या नाकात. जाळ करणं शक्यच नव्हतं. मुलगी तेव्हा कॉलेजात होती, सुटीला घरी यायची. एक दिवस मी स्वतः बाजारातून पायानं उघडायचा निळा डबा आणला आणि बाथरूमच्या कोपऱ्यात ठेवला. तोंडानं काहीच बोललो नाही. पण मनात मात्र मी फार मोठी सुधारणा केली होती. आता माझ्या घरातल्या बायकांना काही लपवायला नको, असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर मी स्वतःवर जाम खूष होतो.

भांडण सुरू झालं ते तिथून. तिचं म्हणणं, डब्याला पिशवी नको. तळाला पेपरचा कागद घालायचा, डबा रिकामा केला की धुवायचा, उन्हात पालथा घालायचा. कागद घालायचीही तिची एक पद्धत होती. पेपरचं पूर्ण पान घ्यायचं, चारी कोपरे आत मुडपायचे, डब्याच्या आकाराचा द्रोण करायचा आणि वरून हातानं दाबायचा. अर्ध्या मिनिटात व्हायचं. मला आजतागायत जमलेलं नाही.

"पेपर ओला होते, अन् मंग डबा धुवा. धुवाले पाणी कोण आणते?" मी म्हणायचो.

हा माझा हुकमाचा एक्का होता. आमच्याकडे नळ रोज येत नाही. उन्हाळ्यात तर किती दिवसांनी येईल याचा नेम नसतो. टाकीचं झाकण उघडून आत वाकून बघणं हा या गावातल्या सगळ्या पुरुषांचा उन्हाळी व्यायाम आहे. अशा गावात कचऱ्याचा डबा धुवायला बादलीभर पाणी, हे माझ्या डोक्यातच बसत नव्हतं.

"कपडे खंगाळल्याचं पाणी राह्यते ना. त्यानं धुवीन," ती म्हणायची. "प्लॅस्टिक गाईच्या पोटात जाते, ते चालते काय तुम्हाले?"

"आपली पिशवी घंटागाडीत जाते. गाय काय घंटागाडीत बसून राह्यली?"

असं आमचं वर्षानुवर्षं चाललं. पातळ प्लॅस्टिक पिशव्यांवर पहिल्यांदा बंदी आली तेव्हा तिला फार आनंद झाला, पण जनरल स्टोअरवाल्या भाईनं कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांचे रोल दाखवले आणि हे चालतात म्हणून सांगितलं. शेवटी मीच जिंकलो, कारण मी एक असं वाक्य बोललो की तिला पुढे बोलता येईना. मी म्हणालो, "पिशवी घातली तं डबा रोज सकाळी मी खाली करीन."

आणि केला. निवृत्त झाल्यावर तर नेमानं. गाडीचं गाणं ऐकू आलं की मी बाथरूममध्ये जायचो, पिशवीची दोन टोकं धरून पटकन गाठ मारायचो, दोन बोटांत धरून फाटकापर्यंत न्यायचो आणि गाडीवरच्या बाईच्या हातात द्यायचो. गल्लीतला दुसरा एकही नवरा हे करत नव्हता. शेजारीण बायकोला म्हणाली होती, तुमचं बरं आहे हो, तुमचे किती करतात. बायकोनं ते मला सांगितलं आणि मी दोन दिवस त्या फुशारकीत होतो. पिशवी काळी होती. आत काय आहे ते दिसायचं नाही, आणि दिसू नये म्हणूनच मला ती हवी होती. हे मी तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नसतं.

पन्नाशीच्या आसपास बायकोची पाळी गेली. हे मला कसं कळलं, तर पूजेवरून. महिने गेले, ताम्हण माझ्या हातात आलं नाही. मग वर्षं गेली. कुठला देव कुठे बसतो हेही मी विसरलो.

आणि मग एका सकाळी चहा देताना ती म्हणाली, "आज पूजा तुम्ही करा. गुडघे धरले आहेत."

मी केली. बाहेरून सूचना आल्या नाहीत. पूजा आटोपून मी स्वयंपाकघरात गेलो तेव्हा ती जमिनीवर विळी घेऊन बसली होती आणि वांगी चिरत होती. मांडी घालून, नेहमीसारखी. मी दारात उभा राहिलो. माझ्या बोटांना अजून गंध लागलेलं होतं. गुडघे धरलेत तर खाली कशी बसली, हा प्रश्न माझ्या मनात आला. त्यामागे दुसराही आला. या वयात? मग मला एकदम संकोच वाटला, तिच्यापेक्षा स्वतःचाच. मी म्हणालो, "वांगी भरून कर." ती बरं म्हणाली.

यानंतर पूजेची पाळी माझ्यावर पुन्हा पुन्हा येऊ लागली. कधी गुडघे, कधी कंबर, कधी झोप नाही झाली. आधी दोन-चार दिवस, मग सलग आठ-दहा दिवस. मी हळूहळू त्यात पटाईत झालो. तुळस बरोबर देवाला जायला लागली.

त्याच सुमारास मी पिशव्यांचा रोल आणायला गेलो तर दुकानातला भाई म्हणाला, "साहब, घरी मेहमान आले काय? थैल्या लई लवकर सरून राह्यल्या तुमच्या." तो सहज बोलला. त्याचं दुकान, त्याचं गिऱ्हाईक, त्याच्या लक्षात राहणारच. मला मात्र ते लागलं. मी घरी येऊन बायकोवर डाफरलो. दोन माणसांच्या घरात इतक्या पिशव्या कायले लागतात, म्हणालो. प्लॅस्टिक नको प्लॅस्टिक नको करत होतीस ना, मग आता दिवसातून दोन-दोन पिशव्या कोण बदलतं? ती कपडे घडी करत होती. तिनं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि वाटलं ती काहीतरी बोलणार. मी थोडा वेळ थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. रोल बाथरूमच्या फळीवर आदळला आणि टीव्ही लावला.

त्यानंतर पिशव्या लवकर संपल्या नाहीत. माझं बोलणं कामी आलं असं मला वाटलं.

दिवाळीत मुलगी आली. तिनं दारातच आईचा हात धरला, खालची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाली, "आई, तू पांढरीफटक पडलीयेस." मी रोज बघत होतो, मला दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी इथल्या डॉक्टरीणबाईंकडे, आठवड्यात नागपूरला. गर्भाशयाचा कॅन्सर, आणि बाहेर पसरलेला. डॉक्टर म्हणाले, बराच काळ रक्त जात असणार. आठ महिने गेले त्यात. त्या आठ महिन्यांबद्दल मला इथे लिहायचं नाही.

लिहायचं आहे ते नागपूरच्या दवाखान्यातल्या एका बाकड्याबद्दल. मुलगी माझ्या शेजारी बसली होती. तिनं विचारलं, "बाबा, तुमच्या खरंच काहीच लक्षात आलं नाही?"

मी म्हणालो, "नाही."

तिनं विश्वास ठेवला. बापावर न ठेवायला तिला कारण काय होतं? मग ती रडत म्हणाली, "लपवलं तिनं. सगळ्यांपासून लपवलं. स्वतःच्या हातानं केलं तिनं हे." तो राग तिच्या मनातून गेला नाही. आई गेली तरी गेला नाही. वर्षश्राद्धाला आली तेव्हा फोटोला हार घालताना तिचा चेहरा बंद होता. फोनवर काही आठवण निघाली की शेवटी यायचंच, "मला एक शब्द सांगितला असता तर?" मी नातीचा विषय काढायचो. एक मुलगी आपल्या मेलेल्या आईवर इतके महिने रागावून आहे, आणि तो राग माझ्या एका "नाही"वर उभा आहे, हे मला रोज माहीत असायचं. पण ते खोटं मोडलं तर आठवड्यातून दोनदा येणारा एकुलता एक फोनही बंद होईल, याची मला भीती वाटत होती. एकट्या माणसाला फोन फार लागतो हो. तो येणार असेल त्या संध्याकाळी मी चार वाजल्यापासून तोंड धुवून बसतो.

बायको गेल्यावरही मी पिशवी घालत होतो. डब्यात काही असो नसो, सवयीनं गाठ मारून नेऊन द्यायचो. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी गाडीवरच्या बाईनं ती पिशवी हातात घेतली, वजन पाहिलं आणि म्हणाली, "काका, यात काहीच नाही. कायले थैली वाया घालता?" मग तिनं पाणी मागितलं. मी तांब्या आणून दिला. गाडीला पुढच्या गल्लीत जायला अजून वेळ होता, म्हणून ती पायरीवर टेकली. पाणी पिऊन झाल्यावर तोंड पुसत म्हणाली, "काकू असत्या तं चहा बी पाजला असता."

मी म्हटलं, "तुझी ओळख होती?"

"ओळख?" ती माझ्याकडे बघत राहिली. "काका, तुमच्या थैलीची गाठ रोज कोन सोडे? आमाले ओलं-सुकं येगळं करा लागते. मी हातानं सोडो. काकूच्या अंगावरून जाऊन राह्यलं, हे मले लई आधी समजलं होतं."

मी फाटकाला धरून उभा राहिलो.

"मीच इचारलं त्यायले," ती सांगत होती. "म्हटलं काकू, या वयात हे बरं नाही, दवाखान्यात दाखवा. माह्या सासूले असंच झालं होतं. तं मले म्हने, पोरगी सुटीत येईन तवा दाखवीन. म्हटलं काकाले सांगा. तं म्हने, त्यायले नोको सांगू. त्यायले संकोच होते."

तिला पुढे काय म्हणालो ते आठवत नाही. तिनं तांब्या उपडा करून पायरीवर ठेवला आणि गाडीमागे निघून गेली. मी आत आलो आणि बाथरूमच्या उंबऱ्यावर बसलो. माझी बायको मरणाच्या दारात उभी होती आणि माझा संकोच सांभाळत होती. तिला भीती वाटत असेल, दुखत असेल, आणि हे सगळं ती एका बाईजवळ बोलली, जिच्या हातात मी रोज सकाळी दोन बोटांनी पिशवी देत होतो आणि जिच्या तोंडाकडे मी कधी धड पाहिलंही नव्हतं. त्या बाईनं विचारलं. मी बेचाळीस वर्षं एका घरात राहून विचारलं नाही. मी तिथे बसून मोठ्यानं रडलो. घरात ऐकायला कोणी नव्हतं, त्यामुळे आवाज आवरायचंही कारण नव्हतं.

त्या दिवसापासून मी डब्यात पिशवी घातलेली नाही. त्यानं काही भरून निघत नाही, हे मला कळतं. कपडे खंगाळल्याचं पाणी ठेवतो आणि डबा धुतो, इतकंच.

या हिवाळ्यात मुलगी चार दिवसांसाठी एकटीच आली. आल्या आल्या तिनं घर तपासलं. फ्रिजमधलं शिळं फेकलं, माझे बनियन फेकले, आणि बाथरूममधून ओरडली, "बाबा, या डब्याला पिशवी नाही? शी! असं कोण ठेवतं?" मी म्हणालो, राहू दे, मी धुतो. तिला ते विनोदी वाटलं. संध्याकाळी बाहेर गेली तेव्हा तिनं पिशव्यांचा रोल आणला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. तिनं भरली वांगी केली होती. आईसारखी झाली नाहीत म्हणाली, आणि मग नेहमीचं आलंच. "शिकवलंच नाही नीट. काही सांगायचीच नाही ती. स्वतःचं मरणसुद्धा लपवून ठेवलं."

माझा घास हातात होता. मी तो ताटात ठेवला. आणि जे वाक्य मी आयुष्यात बायकोला, आईला, कोणालाच बोललो नव्हतो, ते तोंडून निघालं.

"बेटा, तुझी पाळी नीट येते ना?"

तिचा हात थांबला. "काय?"

"पाळी. वेळेवर येते ना? कुठं दाखवलंस का कधी? आईला होतं, म्हणजे तुलाही दाखवायला पाहिजे."

ती लाल झाली. मग थोडं हसली. मग हसू गेलं, आणि तिनं अगदी हळू आवाजात विचारलं, "आईला विचारलं होतं कधी असं?"

"नाही," मी म्हणालो. "आणि मला दिसलं होतं."

मग मी सगळं सांगितलं. पूजेचं सांगितलं, वांग्यांचं सांगितलं, भाईच्या दुकानातलं सांगितलं, रोल आदळला तेही सांगितलं. गाडीवरच्या बाईशी तिची आई काय बोलली ते शब्द न् शब्द सांगितलं. नागपूरच्या बाकड्यावर मी खोटं बोललो होतो, हे शेवटी सांगितलं. "तिनं लपवलं नाही," मी म्हणालो. "मला सांगण्यासारखा मी नव्हतो." सांगताना माझा आवाज स्थिर होता याचं मलाच नवल वाटलं. मुलगी ऐकत होती आणि ताटाकडे बघत होती. संपल्यावर ती उठली, दोघांची ताटं उचलली, घासली, हात पुसले आणि आईच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली. पाठमोरी होती, मला चेहरा दिसला नाही. खांदे हलताना दिसले. मी उठून जवळ जावं की नाही, हे मला ठरवता आलं नाही, आणि मी खुर्चीतच बसून राहिलो.

उरलेले दोन दिवस ती कामापुरतं बोलली. बसमध्ये बसताना नमस्कार केला, पण खांद्यावर डोकं टेकवलं नाही. गाडी हलली तेव्हा खिडकीतून पाहिलं नाही.

त्यानंतर फोन आला नाही. एक आठवडा, दोन, तीन. नातीनं एकदा तिच्या बाबांच्या फोनवरून केला आणि शाळेतलं काहीतरी सांगितलं. मागे मुलीचा आवाज ऐकू येत होता, ती फोनवर आली नाही. मी मधे दोनदा नंबर काढला आणि फोन ठेवून दिला. आता ती आईवर रागावलेली नाही, माझ्यावर आहे. तो राग योग्य ठिकाणी पोचला आहे, हे मला मान्य आहे. तरी चार वाजले की मी तोंड धुवून बसतोच.

परवा दुपारी फोन वाजला. मी धावत गेलो तर कोपराला दार लागलं.

"तपासणी केली," ती म्हणाली. नमस्कार नाही, बाबा नाही. "सोनोग्राफी झाली, बाकीच्याही सगळ्या झाल्या. पाळी थोडी मागेपुढे होते, त्याला गोळ्या दिल्यात. गर्भाशय ठीक आहे. दरवर्षी दाखवायला सांगितलंय. तुम्ही विचारलं होतं, म्हणून सांगितलं."

"बरं केलंस," मी म्हणालो.

 तिनं फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. पलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता, कुठेतरी कुकरची शिटी झाली. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "उन्हाळ्याच्या सुटीत मी येणार नाही, बाबा. अजून नाही जमणार."

मी म्हणालो, "बरं." आणि ती फोन ठेवेपर्यंत तसाच कानाशी धरून उभा राहिलो.